मटण स्ट्रीटवरचं बिनपाटीचं दुकान

या दुकानाला पाटी नाही. होती, पण दोन पावसाळ्यांपूर्वी वाऱ्यानं खाली आली आणि मग परत लावली गेली नाही. त्यामुळे पत्ता असा सांगते : ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, मौलाना शौकत अली रोडनं चालत राहा आणि मटण स्ट्रीटला आत वळा. जुनी घड्याळं, जहाजावरचे पितळी दिवे, ग्रामोफोनचे कर्णे मांडलेली दुकानं ओलांडल्यावर डाव्या हाताला लाकडी जिना लागतो. त्या जिन्याखाली सहा बाय दहाची जागा आहे. तेच दुकान. दाराशी हिरव्या रंगाचा स्टूल असतो. शुक्रवारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार भरतो, तिथे मुंगीला शिरायला जागा नसते.

इथे जुन्या कॅसेट, सीडी आणि तबकड्या मिळतात. असं मुंबईत आणखी चार-पाच ठिकाणी मिळतं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 साली बंद झाल्यापासून मी त्यातल्या बहुतेक ठिकाणी जाऊन आले. पण एवढं लांबलचक लिहावं असं हे एकच दुकान आहे, आणि त्याचं कारण म्हणजे इथल्या चिठ्ठ्या.

मालकांना मी भाई म्हणते. ते मूळचे रत्नागिरीकडचे, घरात कोकणी-मराठी बोलणारे. मला ते ताई म्हणतात. तरुणपणी ते दुकानांच्या आणि डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि ते काम गेलं. ब्रश मात्र त्यांनी सोडला नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक परदेशी कॅसेटवर ते पांढरी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर बारीक ब्रशनं कलाकाराचं नाव देवनागरीत लिहितात आणि त्याच्याखाली लाल शाईनं त्या नावाचा अर्थ. अर्थ ते कुठून आणतात? पारशी गिऱ्हाइकांना विचारतात, मशिदीतल्या मौलवींना विचारतात, आणि त्यांच्याकडे कव्हर गेलेला एक तुर्की शब्दकोश आहे, तो याच बाजारात रद्दीत सापडलेला. मिळालेलं सगळं एका लाल वहीत उतरवून ठेवलेलं असतं.

मला हे एवढं का भावलं ते सांगायला हवं. मी 31 वर्षं जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. हजारो बाळांची नावं मी माझ्या हातानं लिहिली. बारशाआधीच नोंद होते, म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. वर्षाच्या आत आई-बाप आले तर नाव फुकट चढतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत चढवता येतं. नववी-दहावीतल्या मुली स्वतःच्या कोऱ्या दाखल्यावर नाव चढवायला यायच्या आणि मी लिहीत असताना काचेला नाक लावून बघत राहायच्या. इतकी वर्षं नावं लिहूनही अर्थ मात्र मी कुणाला विचारला नाही. रांग असायची. भाई विचारतात.

मी पहिल्यांदा इथे गेले ती कुमार गंधर्वांच्या एका जुन्या तबकडीच्या शोधात. ती मिळाली नाही. पण खोक्यात एक कॅसेट दिसली, चिठ्ठीवर ‘अहमेत काया’. काया! मी म्हटलं, हे तर आपलंच, काया-वाचा-मने. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुर्कीत काया म्हणजे खडक’. मी तिथेच स्टुलावर बसले. भाईंनी चहा मागवला आणि ती गोष्ट सांगितली. हा गायक 1957चा, तुर्कस्तानातल्या मलात्याचा, वडील कुर्द, म्हणजे तिथल्या वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांतले. आयुष्यभर बहुतेक गायला तुर्कीतच. 1999 साली इस्तंबूलला एका पुरस्कार सोहळ्यात त्यानं नुसतं एवढं सांगितलं की पुढच्या संग्रहात मी एक कुर्दी गाणं गाणार आहे. जेवणाच्या टेबलांवरून त्याच्या अंगावर काटे-सुऱ्या फेकल्या गेल्या. खटले झाले, त्याला देश सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी, 2000च्या नोव्हेंबरात, 43व्या वर्षी तो पॅरिसमध्ये गेला. तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत त्याला पुरलंय. ‘खडक’ या शब्दाकडे मी बराच वेळ बघत राहिले. आपल्याकडे दगडू, धोंडू नावं ठेवतात ती याच आशेनं ना, की पोर दगडासारखं टिकावं.

त्या दिवसापासून मी महिन्यातून एकदा तरी जाते आणि आता जवळजवळ फक्त कुर्दी खोकंच चाळते. खोकं म्हणजे केळ्यांचं पुठ्ठ्याचं खोकं. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून, बोटीवरच्या खलाशांकडून, घर रिकामं करणाऱ्यांच्या पोत्यांतून भाईंकडे माल येतो. कुर्दांचा मुलूख तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार देशांत वाटला गेलाय, त्यामुळे दुसरं कुणी असतं तर या कॅसेट चार खोक्यांत विखुरल्या असत्या. भाईंनी त्या एकत्र ठेवल्या आहेत. लावल्याही आहेत त्या आडनावानं नव्हे, पहिल्या नावाच्या अक्षरानं. कारण विचारलं तर म्हणाले, “ताई, 1934 साली तुर्कस्तानात कायदा झाला, सगळ्यांनी आडनावं घ्या आणि ती तुर्कीच घ्या. आडनाव कचेरीनं दिलेलं, नाव आईनं. मी आईचं धरतो.” मी कचेरीतली. मी काही बोलले नाही.

ऐकायची सोय आहे आणि ती चांगली आहे. एक जुना जपानी डेक, एक सीडी प्लेअर आणि कानाला घट्ट बसणारे हेडफोन. विकत घ्यायच्या आधी एक बाजू पूर्ण ऐकू देतात. कैहान कल्होर मी असाच ऐकला. चिठ्ठीवर : ‘कैहान – विश्व. कल्होर – कुर्दांची एक टोळी’. तेहरानला 1963 साली जन्मलेला, घराणं इराणातल्याच केर्मानशाहचं. वाद्य कमान्चे. हे नाव मराठी माणसाला फोडून सांगावं लागत नाही, कमान आणि त्यापुढे लहानपणा दाखवणारा ‘चे’, म्हणजे छोटी कमान. चार तारा, खाली टोकदार खुंट, वाद्य मांडीवर उभं. गंमत अशी की एका तारेवरून दुसरीवर जाताना वादक गज वळवत नाही, अख्खं वाद्यच खुंटावर फिरवतो. आवाज सारंगीच्या जवळचा, पण सारंगीपेक्षा कोरडा, थंडीत बोलताना घशातून येतो तसा. सतारिये शुजात हुसेन खाँ यांच्याबरोबर त्यानं वर्षानुवर्षं वाजवलं, त्या जोडीची सीडीही खोक्यात होती. सतार एक जागा घेते आणि कमान्चे तीच जागा पुन्हा घेते, पण वेगळ्या घरातल्या माणसासारखी. माझ्या सासऱ्यांना सारंगी आवडायची. त्यांना हे ऐकवायचं राहून गेलं.

शिवान पर्वेरच्या तीन कॅसेट होत्या, दोन मी घेतल्या. ‘शिवान – मेंढपाळ. पर्वेर – जोपासणारा’. परवरदिगारातला ‘परवर’ तोच. तुर्कस्तानातल्या उर्फा प्रांतातला हा गायक, मूळ नाव इस्माईल. 1976 साली देश सोडून जर्मनीला गेला, कारण कुर्दीत गाणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण होतं. त्याच्या कॅसेट तुर्कस्तानातल्या खेड्यांत चोरून फिरायच्या आणि झडतीच्या भीतीनं लोक त्या जमिनीत पुरून ठेवायचे. आपण पावसाळ्याआधी बियाणं जपावं तशा. धनगराचं नाव स्वतःहून घेणारा गायक मला लगेच ओळखीचा वाटला. आपल्या गोपाळांनी, गोविंदांनी घरं भरलेली आहेत.

तो ज्या कवीची गाणी गातो त्याच्या नावाची चिठ्ठी मी माझ्या वहीत उतरून घेतली आहे. जेगेरख्वीन. जेगेर म्हणजे जिगर, ख्वीन म्हणजे खून. भाईंनी लाल शाईत लिहिलंय : ‘रक्ताळलेलं काळीज’. किती अचूक! जिगर म्हणजे खरं तर यकृत, आणि आपलं काळीज तरी दुसरं काय आहे? मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो यकृतच देतो. तरीही ‘काळजाला लागलं’ म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो. दुसऱ्या कुठल्या भाषेत या नावाचं एवढं नेमकं भाषांतर होईल असं मला वाटत नाही. हा कवी 1903चा, 1984 साली स्टॉकहोमला वारला आणि सीरियातल्या कामिश्ली गावात, स्वतःच्या घराच्या अंगणात पुरला गेला. हे नाव त्यानं स्वतः घेतलं होतं.

आता अक्षरांबद्दल, कारण हा माझा विषय. तुर्कस्तानानं 1928 साली रोमन लिपी घेतली तेव्हा तिच्यात इंग्रजीतली क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरं ठेवली नाहीत. रोमन लिपीतली कुर्दी त्याच तीन अक्षरांशिवाय लिहिता येत नाही. पुढे कित्येक आई-बापांना कचेरीतून परत पाठवलं गेलं, का तर बाळाच्या नावात हे अक्षर आहे. वसंताच्या सणाचं नाव तुर्की पद्धतीनं व्ही घालून लिहिलं तर चालायचं, कुर्दी पद्धतीनं डब्ल्यू घालून लिहिलं तर खटला. 2013 साली सरकारनं ही अट काढायचं जाहीर केलं. मी भाईंना म्हटलं, तुमच्या चिठ्ठीवर दोन्ही ‘नवरोज’च होतात, आपल्या ‘व’मध्ये दोन्ही मावतात. ते खूश झाले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी ज्या टेबलावर होते तिथे इंग्रजी स्पेलिंगचा रकाना होता आणि इंग्रजीत ‘ळ’ नाही. मृणाळ नावाची मुलगी इंग्रजीतून फिरून परत आली ती मृणाल होऊन. तिची आई वाद घालत होती, मी म्हटलं होतं, बाई, एका अक्षरानं काय होतंय. आज मी तसं म्हणणार नाही.

कामकार भावंडांबद्दल फार लिहीत नाही, त्यांच्या सीडी बाहेरही मिळतात. इराणातल्या सनंदजचं हे कुर्दी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं घराणं, सात भाऊ आणि एक बहीण. हुशंग, बिजन, पशंग, कशंग, अर्जंग, अर्सलान, अर्देशीर, अर्दवान. नुसती ओळीनं म्हणून बघा, ताल धरला जातो. कशंग ही बहीण, नावाचा अर्थ ‘सुंदर’. कामकार म्हणजे कामकरी नव्हे. हा ‘काम’ कामनेतला, ज्याची इच्छा पुरी होते तो. तुर्कस्तानातली कुर्दी गायिका आयनूर दोआन मात्र जरूर ऐका. आय म्हणजे चंद्र, नूर आपल्याला माहीतच आहे. 2004 साली आलेल्या तिच्या संग्रहावर पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयानं बंदी घातली होती. आवाज असा की पहिल्या ओळीला हातातला कप खाली ठेवावा लागतो. आणि देंगबेझांच्या कॅसेट मिळाल्या तर सोडू नका. देंग म्हणजे आवाज, बेझ म्हणजे सांगणारा. आपल्या शाहिरासारखेच लढाया, प्रेमं, भाऊबंदक्या सांगणारे, पण बहुतेक वेळा हातात डफ नाही, तुणतुणं नाही. उघड्या गळ्यानं, कानावर हात ठेवून.

एकदा मी भाईंची लाल वही चाळायला मागितली. तिथे एका पानावर दोन ओळी होत्या. ‘येतेर – पुरे. तुर्की, मुलीचं नाव. बेसे – बास. कुर्दी, मुलीचं नाव.’ भाईंना वाटलं मी चूक काढतेय. मी म्हटलं, चूक नाही भाई, हे मी लिहिलेलं आहे. त्या नावानं नाही, पण लिहिलेलं आहे. नकुशी. तिसरी, चौथी मुलगी झाली की नकुशी. माझ्या टेबलावर गावाकडून आलेल्या अशा दोघी-तिघी आल्या होत्या, एक तर वडिलांच्या खांद्यावर झोपलेली होती. 2011 साली साताऱ्यात 285 नकुशींची नावं एका कार्यक्रमात बदलली, तेव्हा मुलींनी ऐश्वर्या, सावित्री अशी नावं स्वतः निवडली. पेपरातलं ते कात्रण मी अजून ठेवलंय. तुर्कस्तानातल्या डेरसिमच्या डोंगरातली बेसे आणि माणची नकुशी यांना एकमेकींचं नावही माहीत नाही. बास हा शब्द तर तोच, थोडासाच बदलून इतक्या दूर पोचलेला. ‘पुरे’ हे हाक मारायचं नाव व्हावं, आणि त्या हाकेला ‘ओ’ देत पोरीनं मोठं व्हावं, याचं काय करायचं ते मला कळत नाही. भाई म्हणाले, या नावाची गायिका मिळाली तर चिठ्ठीवर अर्थ लिहू की नको? मी म्हटलं, लिहा.

आता खरेदीचं. साधी कॅसेट 100 ते 150, सीडी 250 ते 400, तबकडी 800च्या पुढे. घासाघीस करू नका, भाव आधीच रास्त आहे. कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे चालतात. बसायला एकच स्टूल. जिन्यावरून कुणी उतरलं की डोक्यावर धूळ पडते, दम्याचा त्रास असेल तर तोंडाला रुमाल बांधा. पावसाळ्यात कॅसेटना बुरशी धरते. मी जुलैत घेतलेली एक घरी डेकमध्ये गुंडाळली गेली, फीत बाहेर आली. परत नेली तर भाईंनी पेन्सिल घालून ती फिरवली, बिघडलेला वीतभर भाग कापला, चिकटपट्टी लावली आणि वर पैसेही परत केले. पैसे मी घेतले नाहीत. अर्थ सगळेच बरोबर असतात असंही नाही. पण चूक दाखवली तर चिठ्ठी तुमच्यासमोर बदलली जाते. हे मी स्वतः पाहिलंय आणि त्यासाठीच आजचं हे लिहिणं.

मागच्या महिन्यात एक सीडी आली. चिठ्ठीवर ‘तारा जाफ’ आणि खाली ‘तारा – चांदणी. जाफ – टोळीचं नाव’. बगदादला वाढलेली, सत्तरच्या दशकापासून लंडनला असलेली ही बाई हार्प वाजवत कुर्दी गाते. मी ती सीडी हातात धरून उभी राहिले, कारण तारा हे माझं नाव. होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नाव वैशाली असं लिहिलं गेलं. मोठ्या जाऊबाई आधीच तारा होत्या आणि एका घरात दोन तारा चालत नाहीत. 1984ची गोष्ट. कुणी वाईट वागलं नाही, मलाही तेव्हा काही वाटलं नाही. कागदोपत्री नाव बदललं, आणि पुढे तीच कामं मी दुसऱ्यांची करत राहिले.

त्या दिवशी दुकानात एक मुलगा आला होता. इराकमधल्या सुलेमानियाचा, पुण्याला शिकणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, अर्थ सांगते : आशा. भाईंनी सवयीनं त्याला खोकं दाखवलं आणि मला त्याच्याशी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, नाव काय विचारायचं तर तुमच्याकडे कसं विचारतात? तो म्हणाला, “नावत चीये?” मी पुन्हा विचारलं. “नाव,” तो म्हणाला, “नाव.” हिंदीत नाम, फारसीत नाम, आणि त्यांच्याकडे आणि आमच्याकडे नाव. भाई ब्रश धुवायचे थांबले.

मग त्यानं तारा जाफच्या चिठ्ठीवरची लाल ओळ भाईंकडून वाचून घेतली आणि मान हलवली. चांदणी फारसीत आणि तुमच्यात असेल, तो म्हणाला. आमच्या आजीच्या भाषेत तारा म्हणजे नवरीच्या डोक्यावरून तोंडावर घालतात ती लाल ओढणी. सासरी नेताना घालतात.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माझं माहेरचं नाव ठाऊकच नव्हतं. त्यांनी नवी चिठ्ठी घेतली, ‘तारा जाफ’ लिहिलं आणि खाली दोन्ही अर्थ लिहिले, चांदणी वर, ओढणी खाली. शाई वाळेपर्यंत आम्ही तिघं चहा प्यायलो. मुलानं दोन कॅसेट घेतल्या, हसन झीरकच्या. त्याच्या आजोबांचा आवडता गायक, म्हणाला.

मी सीडी घेतली, आणि देंगबेझांची एक कॅसेट. भाईंनी बिलबुक उघडलं. इथे पक्कं बिल मिळतं, नावासकट, हेही सांगायला हवं. सात वर्षं ते न विचारता ‘वैशालीताई’ लिहितात. मी म्हटलं, भाई, आज तारा लिहा.

ते थांबले. “अर्थ कुठला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही लिहा. सीडीचे 350 आणि कॅसेटचे 100, एकूण 450 झाले.